डावीकडे वळताना विझणारे दिवे

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की गाडीचे जादा दिवे माझ्या हातून बिघडले. ते चूक आहे, आणि चूक तशीच राहू देणं मला जमत नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसले. दिवे माझ्या हातून बिघडले नाहीत. तुम्ही बसवलेत त्या दिवसापासूनच त्यांच्यात दोष होता. मी तेव्हा बारा वर्षांची होते, तुमच्या शेजारी उभी होते, आणि हा दोष राहणार हे मी तुम्हाला सांगितलंही होतं. मागचं पत्र मी क्षमा मागून संपवलं होतं. ती क्षमा परत घेते.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता मीच शिकवायला निघाले आहे. डहीच्या प्रशिक्षण केंद्रात वायरमनच्या वर्गाला शिकवायची नोकरी मिळाली आहे, सोमवारी सकाळी हजर व्हायचं आहे. डही म्हणजे धार जिल्ह्याचं पार खालचं टोक, कुक्षीच्याही पुढे. देवासहून बस बदलत बदलत जावं लागतं, आणि कुक्षीनंतर संध्याकाळी बस मिळेलच असं नाही. जीप भरली तर निघते, नाही भरली तर ड्रायव्हर तिथेच विडी ओढत बसतो. शिवाय काम नुसतं वर्गातलं नाही. आसपासच्या गावांत मुलांना न्यायचं, शाळांची, पंपांची जोडणी दाखवायची, आणि अंधार पडता पडता परतायचं. मुलाखतीतच विचारलं होतं, "अपनी गाड़ी है?" मी म्हटलं, "है." तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली तुमची मोटारसायकल होती. ती माझी आहे असं तोवर कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पितृपक्ष लागायच्या आधी काका धारहून आले होते. तिथल्या त्यांच्या देवळातली सकाळची पूजा आटोपून निघालेले, कपाळावर गंध तसंच. चहा पिता पिता ते आईला म्हणाले, "वहिनी, मी सर्वपित्रीला येईन तेव्हा दादाची गाडी धारला घेऊन जाईन म्हणतो. पोराला कॉलेजला जायला होईल. इथे चालवणारं कोण आहे?"

"आहे की," मी म्हटलं.

"कोण?"

"मी."

काकांनी कप बशीत ठेवला. "अगं, दादा असता तर त्यानं तुला त्या गाडीला हात तरी लावू दिला असता का?"

खरं उत्तर मला माहीत होतं. हात लावू दिला असतात. हात तर मी रोजच लावत होते. बसू दिलं नसतंत.

"बसनं जा," काका म्हणाले. "नाहीतर जाऊच नकोस. देवासात काय शाळा कमी आहेत? डहीला जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

आईला हसू आवरेना. "तेच तर लावतेय ती, भावजी. महिना झाला. लागत नाहीयेत." मग तिनं पदर सारखा केला आणि तिचा तो न बदलणारा आवाज काढला. "मीही सांगितलंय तिला. ते दिवे धड झाले तरच गाडी घेऊन जा. त्या रस्त्यांवर नुसत्या पुढच्या दिव्यावर मी सोडणार नाही. नाही झाले, तर भावजी, तुम्ही गाडी खुशाल न्या."

म्हणजे बाबा, सगळं त्या दोन दिव्यांवर आलं. दिवे लागले तर मी, आणि नाही लागले तर गाडी धारला, मी बसमध्ये, आणि कुक्षीच्या जीपवाल्याची विडी संपायची वाट बघणं. गाडीच्या मूळ दिव्याला तुम्ही निरांजन म्हणायचात, ओवाळायला ठीक, रस्ता दिसायला नाही. ते अजूनही तसंच आहे.

माझं पहिलं शिक्षण घरातच झालं. दमा होता, धूळ सोसायची नाही, म्हणून शाळेत उशिरा गेले. तोवर स्वयंपाकघराचा ओटा हीच शाळा. कारखान्यातली पहिली पाळी करून तुम्ही आलेले आहात, आई पोह्यांना फोडणी देते आहे, आणि तुम्ही ओट्याच्या कोपऱ्यावर तांब्याच्या तारेचे तुकडे मांडून बसला आहात. तुम्ही तार वाकवून अक्षर करायचं, मग मी. तुम्ही 'अ'पासून सुरुवात केली नाहीत, 'ळ'पासून केलीत. "बाकी अक्षरं हिंदीच्या शाळेत मिळतील तुला. हे नाही मिळणार. हे आधी घे." दोन वेढे, आणि वेढे सुटू न देता मधली पकड, तारेचा 'ळ' करताना माझी बोटं दुखायची. कॉलनीतल्या माझ्या वयाच्या मराठी मुली आज लग्नपत्रिकेपलीकडे मराठी वाचत नाहीत, कुणी कुणी तीही फोटो पाहून बाजूला ठेवतात. मी वाचते आणि लिहिते. हे पत्रसुद्धा त्या तारांमुळेच लिहू शकते. तेवढं तुमचं देणं मी नाकारत नाही. पुढचं लिहिताना त्याची मला अडचण होऊ नये, एवढंच.

अक्षरांनंतर जोडणी. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा आपण दोघांनी बसवला, तेव्हा बोर्डाच्या मागे तुम्ही तारेचा एक वेढा मोकळा सोडलात. मी म्हटलं, "ही जास्त झाली, कापू?" तुम्ही माझा हात धरलात. "तार कधी ताणून बांधायची नाही. तिला थोडं माहेर ठेवायचं. उद्या कुणी खेचलं, काही हललं, तर तिला जायला जागा हवी. ताणलेली तार वरून चांगली दिसते आणि आतून तुटते." आई चुलीकडूनच म्हणाली, "तारेला बरं माहेर ठेवता. मला अमरावतीला जाऊन किती वर्षं झाली ते विचारा एकदा." तुम्ही कान खाजवलात. पण त्या उन्हाळ्यात आपण अमरावतीला गेलो.

आणि पक्कड. दसऱ्याला तुम्ही तुमची हत्यारं घासून पुसून पाटावर मांडायचात, त्यांना हळदकुंकू लावायचात. एका दसऱ्याला तुमच्या पक्कडीशेजारी आणखी एक पक्कड होती, लहान, लाल मुठींची, माझ्या हाताच्या मापाची. तिलाही हळदकुंकू लावलेलं. आपट्याची पानं देताना मी ती डाव्या हातात घट्ट धरून ठेवली होती, कुणाला दोन हातांनी पान देता आलं नाही. ती अजून माझ्याकडे आहे. मुठींचा लाल रंग गेला आहे, तोंड अजून नीट मिटतं.

आता तो दिवस. रविवारी तुम्ही पंपांची कामं करायला लोहारद्याला जायचात, आणि परत येताना घाटात अंधार व्हायचा, म्हणून तुम्ही दोन जादा दिवे आणलेत. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात गाडी मेन स्टँडवर उभी आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मधे गाडी अशी बसली आहे की हँडल ना इकडे वळत ना तिकडे. तुमचे कारखान्यातले एक दोस्त उलट्या बादलीवर बसले आहेत. तुम्ही त्यांना भिया म्हणायचात, ते तुम्हाला भिया म्हणायचे, त्यामुळे आम्ही घरातले सगळेच त्यांना भिया म्हणायचो, अजून म्हणतो. दिवे खाली लेगगार्डवर बसले. बटण वर हँडलवर बसलं. बटणापासून खाली, बटणाच्या हुकमानं दिवे लावणाऱ्या रिलेपर्यंत, तार किती लागेल, ते तुम्ही सुतळीनं मोजताय, आणि सुतळीचं वरचं टोक माझ्या हातात आहे.

मी म्हणते, "बाबा, गाडी बाहेर काढू या का? मी वर बसून हँडल दोन्हीकडे फिरवते, मग माप घ्या. वळल्यावर तार कमी पडेल."

"सरळ धर."

"पण तुम्हीच म्हणता ना, तारेला माहेर..."

"दोरी धर म्हटलं तर दोरी धर. गाडीवर बसायचं तुझं काम नाही." तुम्ही मान वर केलीत आणि मग ते बोललात. "मुलीनं तार जोडायला शिकावं, म्हणजे घरात कुणासाठी अडून राहत नाही. रस्त्यावर मिरवायला नाही शिकवत मी तुला."

भिया हसले. "बैठवा दो नी भिया, छोरी है तो कई हुयो?" मुलगी आहे तर काय झालं, या त्यांच्या प्रश्नावर तुम्ही सुतळी आणखी ताणलीत. मी सुतळी सरळ धरली. तुम्ही मापानं तार कापलीत, जोडलीत, काळी टेप फिरवत गेलात, एकावर एक, एक वेढा दुसऱ्यावर अर्धा चढलेला, तुमच्या हातची टेप कधी सुरकुतत नसे. दिवेलागणीला बटण दाबलंत आणि समोरची पूर्ण भिंत पांढरी झाली. आई बाहेर आली, शेजारचे आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मिरवायला हा शब्द मात्र त्या भिंतीवर तेवढाच लख्ख दिसत होता मला. त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी त्या गाडीवर पुढे बसायचं नाव काढलं नाही. तुम्ही गेल्यावरही किती तरी वर्षं नाही. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायला त्याची परवानगी कुठे मागायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मैत्रिणीच्या गाडीवर शिकले, औद्योगिक भागातल्या रस्त्यावर, रविवारी तिथे ट्रक नसतात तेव्हा. परवाना काढला. आईला माहीत होतं, काकांना आम्ही दोघींनी कळवलं नाही. मग ताडपत्री काढली. गाडी चालू राहिली आहे ती भियांमुळे, ते अधूनमधून येऊन किक मारून जायचे, म्हणायचे, "भिया की गाड़ी है, सोने नहीं देना." मी नवी बॅटरी घातली, दिव्यांचे होल्डर घासले, नवे बल्ब बसवले. दिवे लागले. गाडी रस्त्यावर काढली तर जातात, परत येतात, पुन्हा जातात. मला वाटलं, खड्ड्यांनी हलतंय, माझाच एखादा जोड सैल राहिला. माझं असंच असतं. कुठेही काही बिघडलं की मला आधी माझाच हात आठवतो. घरातून निघाले की गॅस बंद केला का, हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारी मी. माझा एकेक जोड उघडला, पुन्हा केला. फ्यूज बदलला, रिले बदलली, अर्थिंगची तार घासून नव्या जागी लावली. तरीही जातात, येतात. तुमचे हात लागलेत तिथे मी शोधलंच नाही, कारण तुमच्या हातची टेप इतकी नीट होती. आणि मग ते पत्र लिहिलं: बाबा, तुम्ही चांगले लावून ठेवलेले दिवे मी बिघडवले.

दोष सापडला तो आईमुळे. दुपार होती, पोर्चमध्ये गाडी मेन स्टँडवर, तोंड भिंतीकडे, दिवे चालू. मी खाली मांडी घालून मीटर लावून बसले होते, आणि गाडी हलवायला कुणीतरी हवं होतं. आई चहा घेऊन आली.

"आई, जरा वर बसतेस? हँडल हलवायचंय."

"मी? गाडीवर?"

"स्टँडवर आहे गं, पळून नाही जाणार."

तिनं कप जमिनीवर ठेवला, पदर खोचला, चपला काढल्या, देवळात जाताना काढाव्यात तशा, आणि एक पाय पलीकडे टाकून बसली. दोन्ही मुठी धरल्या. आरशात डोकावली. "ह्यांनी मला जन्मभर मागे बसवलं. एका अंगाला, पदर सांभाळत. पुढून हे असं दिसतं होय!"

"आई, आरशात नको बघू. हँडल उजवीकडे फिरव."

फिरवलं. भिंतीवर उजेड तसाच.

"आता डावीकडे."

टक. रिलेचा आवाज आला आणि भिंतीवरचा उजेड गेला.

"अगं बाई, गेले!"

"सरळ कर."

टक. "आले!"

"पुन्हा डावीकडे."

"गेले!" मग मी सांगायची वाटच तिनं पाहिली नाही. हँडल डावीकडे, गेले, सरळ, आले, डावीकडे, गेले, तान्ह्या बाळाशी भोऽक खेळावं तशी ती खेळत राहिली आणि मी खाली बसून ऐकत राहिले. दोन्ही दिवे एकदम जातात, म्हणजे दोष एकाच दिव्याचा नाही, दोघांच्या सामायिक वाटेवर आहे. रिले टक करते, म्हणजे ती ठीक आहे, तिला वरून मिळणारा हुकूमच मधे तुटतो. हुकूम बटणाकडून येतो. मी बटणाची तार सोडवली, रिलेला दुसऱ्या तारेनं थेट चालू केलं आणि म्हटलं, "आता फिरव." आईनं हँडल पार डावीकडे नेलं. दिवे गेले नाहीत. मग मी लहान पक्कड घेतली आणि हँडलच्या मानेपाशी तुमची टेप कापली.

तार बाहेरून साबूत होती. बोटांनी चाचपत गेले तर एका जागी मऊ लागली. वरचं प्लॅस्टिक सोललं, आत तांबं तुटलेलं. हँडल सरळ असलं की दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची, डावीकडे वळलं की सुटायची. आणि तिथे माहेर नव्हतं बाबा. एका बोटाएवढीही ढील नव्हती. बटणापासून रिलेपर्यंत तार अशी ताणलेली की छेडली असती तर वाजली असती. हँडल सरळ धरून मोजलेली तार. सरळ जाणाऱ्यासाठी पुरेल एवढीच.

आई गाडीवरून उतरली नव्हती. वरूनच वाकून बघत म्हणाली, "तू म्हणाली होतीस."

"तुला आठवतं?"

"मी खिडकीत पोळ्या लाटत होते. ऐकू येतं मला पोळ्या लाटताना."

संध्याकाळी भिया आले. मी त्यांच्या हातात तो तुकडा दिला. त्यांनी तो उजेडात धरला आणि पोट धरून हसायला लागले. "अरे बेटा, ये तो पुरानी बीमारी है! उल्टे हाथ को मोड़ आयो ने बत्ती गुल. लोहारदा के घाट में मैं तो पीछे बैठो-बैठो आँख मीच के राम-राम करतो थो."

"तो बाबा ने ठीक क्यों नहीं की?"

"मैंने तो बोला था एक बार. कि भिया, खोल के देख लो. तो हँस के बोले, देखना क्या है, लड़की ने तो लगाते टाइम ही कह दिया था."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "फिर?"

"फिर क्या! मैंने कहा, तो बदल लो तार. बोले, रहने दो भिया, मेरे को अब मोड़ याद हो गए."

बाबा, मी इतके दिवस ज्या शब्दाला धरून राहिले तो एकच मला माहीत होता. दुसराही होता, आणि तो तुम्ही भियांना दिलात. लड़की ने कह दिया था. घाटात, अंधारात, मागे बसलेल्या माणसाला सांगितलंत, हसून सांगितलंत, म्हणजे तुम्हाला त्याचं कौतुकही असणार. मग घरी येऊन, बूट काढता काढता, मला का नाही सांगितलंत? एवढंच म्हणायचं होतं, तुझं बरोबर होतं गं. गाडी बाहेर काढायला, मला वर बसवायला, नवी तार घालायला एक दुपार पुरली असती. तुम्ही घाटातली सगळी डावी वळणं पाठ केलीत, पण मुलीला गाडीवर बसवलं नाहीत. कुठलं सोपं वाटलं तुम्हाला? खाली दरी, दिवे गेलेले, मागे भिया राम-राम करताहेत, आणि तुम्ही आठवणीवर गाडी वळवताय. तुम्हाला काही झालं असतं तर? नाही झालं. तुम्ही घाटात गेला नाहीत, अंथरुणात गेलात, छातीत कळ येऊन, तारेचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण रागात मला तेही तुमच्या माथी मारावंसं वाटलं होतं, आणि ते खोटं ठरलं असतं. पण जे तुमचं आहे ते तुमचं आहे. पाठ केलेली वळणं मला देता येण्यासारखी नव्हती. डहीच्या रस्त्यावर मला एकही वळण पाठ नाही.

तार मी बदलली. गाडी बाहेर मोकळ्यावर काढली, वर बसले, हँडल आधी पार उजवीकडे, मग पार डावीकडे, आणि डावीकडे असतानाच माप घेतलं. मानेखाली मोठा वेढा सोडला. आई म्हणाली, "जरा जास्तच माहेर झालं हे, दिवाळसणाला आलेल्या मुलीसारखं पसरलंय." असू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भियांना मागे बसवून बाहेर पडले. पहिलं डावं वळण येताना माझ्या पाठीला कळलं की त्यांनी अंग आवळून घेतलं आहे. वळले. दिवे पुढे, कडेच्या बाभळीवर, मैलाच्या दगडावर, मग पुन्हा रस्त्यावर. भिया मागून ओरडले, "अरे वाह! आज पहली बार दिखा कि मोड़ के उधर क्या है!" परत येईपर्यंत ते प्रत्येक वळणाला काही ना काही दाखवत राहिले, पुलिया, कुत्रा, कुणाचं तरी खळं.

मग मी काकांना फोन केला. "काका, दिवे लागले."

पलीकडे देवळातली घंटा ऐकू आली, कुणीतरी वाजवून गेलं. "बरं," काका म्हणाले. "मग सोमवारी निघ. सर्वपित्रीला गाडी काढू नये. दादा अमावस्येला कधी गाडी काढत नसे, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण सोमवारी सकाळी तिथे हजर व्हायचंय."

"म्हणजे ज्या दिवशी त्याच्या नावानं पान वाढायचं, त्याच दिवशी त्याचा शब्द मोडायचा? दादा काय म्हणाला असता, विचार कर."

"सरळ धर, म्हणाले असते," मी म्हटलं.

काकांना ते कळलं नसणार. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही. तुम्ही या. तुमच्या आवडीची वड्यांची आमटी करतेय आई." काका वाईट नाहीत, बाबा. तुम्हाला मुलगा नाही म्हणून इतकी वर्षं तुमच्या नावाचं पाणी तेच सोडतात, आणि कधी त्याचा उपकार दाखवत नाहीत. ते फक्त तुमचं जे वाक्य त्यांना माहीत आहे, ते सांभाळून बसले आहेत. मीही तेच करत होते. अमावस्येला अंधार असतो, हे तुमचं बरोबर आहे. दुपारी निघाले तरी कुक्षीच्या अलीकडेच मावळेल आणि पुढचा सगळा रस्ता काळा असेल. दिवे त्यासाठीच असतात.

काका ताम्हनात पाणी सोडतील तेव्हा मी पानं मांडत असेन. हे पत्र त्या पाण्यात जाणार नाही, पिंडाजवळ ठेवलं जाणार नाही, कावळ्यालाही यातलं काही मिळणार नाही. मागचंही गेलं नव्हतं. तुम्हाला कळावं म्हणून मी लिहिलेलं नाही. तुम्हाला कळलेलं होतंच. मला कळलं, हे कुठेतरी असावं म्हणून लिहिलं.

एक राहिलं. सगळ्या तारा नव्या केल्या असं मी आईला सांगितलं आहे. ते खरं नाही. उजव्या दिव्याच्या मागचा तुमचा एक सांधा मी उघडलाच नाही. मीटर लावून पाहिला, ओढून पाहिला, पक्का आहे, टेपचा एकही वेढा सुटलेला नाही. तो चांगला आहे म्हणून ठेवला, तुमच्या हातचा आहे म्हणून नाही.

हे शेवटचं वाक्यही पूर्ण खरं नाही. पण ते दुरुस्त करायला आता तिसरं पत्र लिहीत बसणार नाही. टाकी भरून आणली आहे, लहान पक्कड सीटखाली ठेवली आहे. रविवारी, सर्वपित्री अमावस्येला, तुमचं पान उचललं की निघते.